तिसरा ‘नाही’

२ सप्टेंबर

माझा मित्र सिद्धोधनची मुलगी धम्मशीला दुपारी येऊन तिच्या पुस्तकाची मुद्रिते तपासायला देऊन गेली. जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात ती रक्तातल्या जंतूंवर संशोधन करते. म्हशी, घोडे, उंट यांना सर्रा नावाचा रोग करणारा एकपेशी जंतू हा तिचा विषय. पुस्तक मराठीत आहे, लहानसेच, आणि ते धम्मचक्र प्रवर्तन दिनाला स्टॉलवर आलेच पाहिजे असा तिचा हट्ट. त्या दिवशी आपली माणसे पुस्तके विकत घेतात, हे खरे.

पहिल्याच पानावर सात चुका. ‘पशूवैद्यक’. ‘जंतूनाशक’. ‘मुलभूत’. पीएच.डी. झालेल्या मुलीला समासात पशु आणि जंतु ऱ्हस्व होतात हे माहीत नसावे? मी दहावी नापास. छापखान्यात खिळे जुळवता जुळवता शब्दकोश पाठ केला, आणि व्याकरण मला कोणी शिकवले नाही म्हणूनच ते मला येते. ‘तात्यारावच्या हाताखालून गेलं म्हणजे मजकूर धुऊन निघाला’ असे परभणीत बोलले जाई. आता वर्तमानपत्राचे ते ऑफिस उठले, छापखान्याच्या जागी मोबाइलची कव्हरे विकतात, आणि माझ्या वाट्याला लग्नपत्रिका. त्यातही यजमान विचारतो, “काका, ‘आशिर्वाद’ लिहिलं तर आशीर्वाद लागत न्हाई का?”

धम्मशीला जाताना म्हणाली, “तुमची दुरुस्ती झाली की मी परत बघणार नाही, काका. डोळे झाकून छापायला देते.”

असे म्हणणारे लेखक आता राहिले नाहीत.

बबिताने चहाच्या कपबशा उचलल्या. “झालं. आता महिनाभर या घरात तोंड उघडायची सोय न्हाई. बोललं की वेलांटी निघंल.”

बायकोला नवऱ्याच्या कामाची किंमत कळणे, हे दुर्मीळच.

५ सप्टेंबर

प्रकरण तिसरे. हे प्रकरण वाचताना लाल पेन दोन वेळा खाली ठेवले.

पेशीत ऊर्जा तयार करणारा जो भाग असतो, त्याची स्वतःची वेगळी जनुकीय सामग्री असते, हे मी पूर्वी वाचले होते. पण या जंतूंच्या कुळात ती सामग्री म्हणजे जाळे आहे. हजारो लहान कड्या आणि थोड्या मोठ्या कड्या, सगळ्या एकमेकींत अडकवलेल्या, जुन्या काळच्या चिलखतासारख्या. एक कडी उचलली की सबंध जाळे वर येते.

मोठ्या कड्यांवर मजकूर असतो. पण त्यांवरून उतरवलेला निरोप जसाच्या तसा वाचला तर अर्थ लागत नाही, अक्षरे कमीजास्त असतात. दुरुस्त्या लहान कड्यांवर असतात. इथे एक अक्षर घाला, तिथले एक काढा. घालायचे काय आणि काढायचे काय, अक्षर एकच, दर वेळी तेच. काही निरोपांत तर निम्म्याहून जास्त अक्षरे या दुरुस्तीनेच आलेली असतात. याचा अर्थ लेखकापेक्षा दुरुस्ती करणाऱ्याचे लिहिणे जास्त.

धम्मशीलाने लिहिले आहे: ‘लहान कड्या म्हणजे पेशीतले मुद्रितशोधक होत.’

या वाक्यात एकही चूक नाही.

संध्याकाळी डीटीपीवाल्या राणीकडे गेलो. तिने ‘लहान कड्या’ सगळीकडे ‘लहान कढ्या’ असे टाइप केले आहे. पेशीत हजारो कढ्या, एकमेकींत अडकलेल्या. मी विचारले, “पोरी, कढी एकमेकींत अडकते का?”

“फुटली की अडकती, काका. गाठी होतेत.” मान वर न करता म्हणाली.

हिला काय सांगावे.

६ सप्टेंबर

चांगुणाआक्काचा ताडकळसहून फोन. म्हशीला ताप येतो आणि जातो, चारा अर्धा टाकते. म्हैस सात महिन्यांची गाभण आहे. भावजी गेल्यापासून आक्का त्या म्हशीच्या बळावर गावात राहिली आहे. तिचा मुलगा धम्मानंद पुण्यात नोकरीला, तो दर दिवाळीला म्हणतो, म्हैस विक आणि माझ्याकडे चल. आक्का म्हणते, “म्हैस हाय तवर मी ताडकळसला. तिथं चौथ्या मजल्यावर कुणाला हाक मारू?”

दत्ता डॉक्टरला दाखव म्हणालो. दत्ता त्या भागात मोटारसायकलवर फिरून जनावरे बघतो. त्याच्या चिठ्ठीवर ‘गोळ्या’ला काना नसतो, पण हात चांगला आहे असे म्हणतात.

९ सप्टेंबर

आज डोके फिरले.

प्रकरण तिसरे, पुढचे पान: ‘सर्राच्या जंतूने मात्र मोठ्या कड्या गमावल्या आहेत. लहान कड्या उरल्या, त्याही एकाच कडीच्या हजारो नकला. दुरुस्त करायला मजकूरच नाही, तरी पेशी दुभंगताना मुद्रितशोधकांची ही फौज दर वेळी निगुतीने दुप्पट केली जाते.’

मी तिथल्या तिथे धम्मशीलाला फोन लावला.

“हे छापता येणार नाही.”

“का, काका?”

“मजकूर नाही, तर मुद्रितशोधक करतात काय?”

“काही नाही. आहेत नुसते.”

“मग पेशी त्यांना पोसते कशाला?”

“तेच तर कोडं आहे. पेशीत दुसरीकडं एक बदल झाला अन् त्या मजकुरावाचून तिचं भागायला लागलं. याचे भाऊबंद आफ्रिकेत एका ठरावीक माशीच्या पोटात वाढतात. तिथं मजकूर लागतोच. आपल्या जंतूला ती माशी नको. गोमाशी एका म्हशीला चावून दुसरीवर बसली, की हा सोंडेवरनं उतरला. त्याचं चांगलं चाललंय.”

“चांगले चालले असेल. उपमा चुकली आहे. ग्रंथ नाही आणि मुद्रितशोधक आहे, असे जगात कुठे नसते.”

ती म्हणाली, “बरं, दुसरं काय लिहू? तुम्ही सांगा.”

मी फोन ठेवला. समासात ‘उपमा सदोष’ एवढे लिहून ठेवले.

नंतर मन लागेना म्हणून बाजारात गेलो. बसस्टँडच्या रस्त्यावर नवीन पाटी लागली आहे, ‘माऊली दुध डेअरी’. आत जाऊन मालकाला सांगितले की ‘दू’ दीर्घ. तो म्हणाला, “दूध खपायलंय ना काका, मग झालं की.” त्याला समजावण्यात दुपार गेली. पाटी तशीच आहे.

१२ सप्टेंबर

प्रकरण पाचवे, रोग ओळखण्याबद्दल. हे शेतकऱ्यांसाठी आहे म्हणून धम्मशीलाने मुद्दाम बोलल्यासारखे लिहिले आहे, आणि म्हणूनच गबाळे आहे. ‘जनावर गरगर फिरायलंय’ असे एका ठिकाणी आहे. तिथे ‘जनावर वर्तुळाकार भ्रमण करते’ असे केले. ‘भिंतीला डोकं लावून उभं राहायलंय’ याचे ‘मस्तक भिंतीस टेकवून उभे राहते’ केले.

पुढे रक्ताची काच. जनावराच्या कानाच्या शिरेतून थेंब घेऊन काचेवर पसरवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तिथे हे वाक्य: ‘काचेवर दिसला नाही म्हणजे जंतू नाहीच असे नाही.’

एका वाक्यात तीन ‘नाही’. असली वाक्ये पाहिली की माझ्या दाढा दुखतात. बोलताना माणूस शेवटी ‘असं नाही’ची शेपूट लावतो, ‘मी येणार नाही असं नाही’, त्यात धरायला काही नसते. तीन ‘नाही’ म्हणजे शेवटी नाहीच. मग तिसरा पोसायचा कशाला? छाटला. ‘काचेवर दिसला नाही म्हणजे जंतू नाहीच.’ वाक्य कसे ताठ उभे राहिले.

हे करत असताना बबिता आतून दोनदा जेवायला बोलावून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, “पान वाढलंय. त्यातलं काय खोडायचं आसंल तर खोडा.”

१५ सप्टेंबर

आक्काचा फोन. दत्ताने काल म्हशीचे रक्त काढून काचेवर पाहिले. काही दिसले नाही. तरी त्याचे म्हणणे, ताप येतोय-जातोय, गोमाशांचा हंगाम आहे, मला सर्राचा संशय येतो, थोडे रक्त परभणीला कॉलेजात पाठवू.

“तू म्हण, काय करू,” आक्का म्हणाली. “दत्ता म्हणतंय पाठवू. शेजारची कमलबाई म्हणती, उगी गाभण म्हशीच्या आंगात सुया खुपसू नका. तू तर त्याच रोगाचं पुस्तक वाचायलास न्हवं?”

वाचत नव्हतो, शोधत होतो. पण आक्काला तो फरक कुठून कळणार. मुद्रिते समोरच होती. पान काढून तिला वाचून दाखवले, ‘काचेवर दिसला नाही म्हणजे जंतू नाहीच.’

“आसं लिवलंय?”

“छापील आहे, आक्का. डॉक्टरणीचे पुस्तक आहे.”

“मग नगं पाठवायला?”

“नको. सर्रा नाहीच. दत्ताला म्हणावे, तापाचे औषध दे आणि गप्प बस.”

आक्काचा जीव भांड्यात पडला. दत्तासारख्या माणसांचा हाच दोष, काच स्वच्छ दिसली तरी समाधान नाही.

१९ सप्टेंबर

म्हैस सुधारली. ताप उतरला, चारा खाते. आक्काने फोनवर सांगितले, “तुझ्या पुस्तकाला गुण हाय बघ.”

बबिताला हे सांगितले. ती लसूण सोलत होती. म्हणाली, “ताप येतंय आन जातंय, आसंच म्हणलं होतं ना आक्कानं? मग आत्ता गेला आसंल.”

हिला प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायची खोड आहे.

राणीने कढ्यांच्या कड्या केल्या, पण आता ‘कडीपत्ता’सुद्धा दिसतो. तो पुस्तकात आला कुठून? विचारले तर म्हणाली, दुसऱ्या फाइलीतला आहे, कुणाच्या तरी पाककृतीचा. दोन्ही फाइली एकदमच उघड्या ठेवते. आणि पाककृतीत तरी ‘कढीपत्ता’ नको?

२४ सप्टेंबर

आक्काचा सकाळीच फोन. आवाज बसलेला.

“तात्या, म्हैस गोल गोल फिरायलीय. खुट्याभवती. आन डोळ्यावर पांढरं पडायलंय.”

“गोल गोल म्हणजे काय? नीट सांग. कोणत्या दिशेने?”

“कोंच्या दिशेनं म्हणजे? गोल फिरायलीय म्हणलं ना. भितीला डोकं लावून उबी राहायलीय, हाक मारली तर बगत न्हाई.”

“मस्तक टेकवून?”

“तात्या, डोकं रं. डोकं.”

दत्ताला बोलाव म्हणालो. ती म्हणाली, तो पहिल्या वेळचाच रागावलेला आहे, ‘तुमच्या भावाला विचारा’ म्हणतो. अशा माणसाला डॉक्टर कोण म्हणेल. तापाचे औषध कमजोर दिले असणार, आणि आता अंग काढून घेतो.

बबिता म्हणाली, “धम्मशीलाला फोन करा.”

“कशासाठी? पुस्तकात स्पष्ट आहे. काच स्वच्छ होती.”

“पुस्तकाला नगा करू. धम्मशीलाला करा.”

मी केला नाही. तिच्या पुस्तकातले तिलाच विचारायचे म्हणजे मी महिनाभर काय वाचले, असे व्हायचे. शिवाय छपाई तोंडावर आली आहे, तिला नाहक त्रास.

दिवसभर एकही पान धड झाले नाही. प्रकरण पाचवे पुन्हा काढले. ‘वर्तुळाकार भ्रमण’. ‘मस्तक भिंतीस टेकवून’. ही लक्षणे कुठे तरी ऐकल्यासारखी वाटली. मग लक्षात आले, सकाळी आक्का हेच सांगत होती. पण काचेचे वाक्य तर त्याच पानावर आहे, आणि ते इतके स्पष्ट आहे. एका पानावरची दोन वाक्ये एकमेकांविरुद्ध असतील, तर लेखिकेने आधी ठरवावे काय म्हणायचे ते.

२५ सप्टेंबर

बबिताने मला न विचारता धम्मशीलाला फोन केला. आणि ती बाईही अशी, की तासाभरात स्कूटी घेऊन दारात. बबिता मागे बसली आणि दोघी निघूनसुद्धा गेल्या. जाताना धम्मशीला म्हणाली, “काका, तुम्ही एसटीनं या.”

एसटी भरलेली. वाटेत दोनदा थांबली. मी पोहोचलो तेव्हा रक्त काढून झाले होते. म्हशीच्या फासळ्या मोजता येत होत्या. धम्मशीला गोठ्यात उकिडवी बसून म्हशीचा डोळा पाहत होती आणि आक्का तिच्याशी जन्मभराची ओळख असल्यासारखी बोलत होती.

“कधीपासून फिरायलीय, आत्या?”

“दोन-तीन रोज झाले, बाई. त्याच्या आदी बरी झालती मधी.”

“तसंच होतंय. मधी बरी वाटती. रक्त कॉलेजात पाठवलं नव्हतं का?”

आक्काने माझ्याकडे पाहिले. मी गोमाशा हाकलत होतो. आक्का म्हणाली, “न्हाई पाठवलं.” एवढेच.

परत निघताना गोठ्याबाहेर धम्मशीलाने मला समजावले, आता काचेवर नाही, कड्यांवर तपासणी करायची. हा रोग मुरला की रक्तात जंतू अगदी थोडे उरतात. काचेवरच्या थेंबात एखादासुद्धा सापडत नाही. पण एका जंतूत त्या लहान कड्या हजारो, सगळ्या एकसारख्या. यंत्रात त्या कडीच्या एका तुकड्याच्या नकलांवर नकला काढत जायच्या. एका थेंबात एवढ्या कड्या, की जंतू लपला तरी कड्या लपत नाहीत.

“म्हणजे त्या रिकाम्या कड्यांचा उपयोग आहे,” मी म्हणालो.

“त्याला काही नाही, काका. आपल्याला आहे.”

मी एसटी गाठायला निघालो. ऊन फार होते.

२७ सप्टेंबर

काल तपासणीत कड्या निघाल्या. सर्राच.

दत्ताने रात्रीच जाऊन इंजेक्शन दिले. धम्मशीलाने आमच्या घरूनच त्याला फोनवर मात्रा सांगितली. तो तिच्याशी ‘मॅडम, मॅडम’ करत बोलत होता. मध्येच मी बोललो, तर मला त्याने ओळख दाखवली नाही.

आज धम्मशीला मुद्रिते न्यायला परत घरी आली. बबिताने तिला पोहे दिले. खाता खाता ती पाने चाळत होती. पाचव्या प्रकरणावर येऊन थांबली. पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

“काका, हे मी असं लिहिलं नव्हतं.”

“कोणते?”

“‘नाहीच.’ माझं ‘नाहीच असे नाही’ होतं.”

“तीन ‘नाही’ होते.”

“तीनच पाहिजे होते.”

“एका वाक्यात तीन ‘नाही’ कोणत्याही भाषेत चालत नाहीत. ‘काचेवर न दिसलेला जंतूही रक्तात असू शकतो’ असे सरळ लिहिले असते, तर कोणी हात लावला नसता.”

“हो,” ती म्हणाली. “तसंच लिहायला पाहिजे होतं. चूक माझीच.”

हे ऐकून मला जास्तच चीड आली. माणसाने भांडावे तरी. ती मान खाली घालून पुढची पाने बघत राहिली. एका ठिकाणी ‘वर्तुळाकार भ्रमण’ वाचून तिला हसू आले, आणि मग हसू गेले.

“हे छापलं असतं अन् कुणी वाचून म्हशीचं रक्तच पाठवलं नसतं तर, काका?”

बबिता ओट्याजवळ उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. माझे आक्काशी फोनवरचे सगळे बोलणे तिला ऐकू गेले होते. धम्मशीलाला ठाऊक नव्हते. तिने विचारले असते तर मी सांगितले असते. तिने विचारले नाही.

जाताना तिने ते पान सुटे काढून टेबलावर ठेवले. “हे तुमच्याकडंच राहू द्या. ठीक करून द्या. घाई नाही.”

घाई नाही कशी? धम्मचक्र प्रवर्तन दिन तोंडावर आहे. ही पिढी असे बोलते कसे.

३० सप्टेंबर

म्हशीने गाभ टाकला. पारडी होती.

आक्काने फोन बबिताला केला, मला नाही.

१ ऑक्टोबर

धम्मानंदचा पुण्याहून फोन. “मामा, आता तरी आईला समजावा. यंदा दूध न्हाई म्हणजे ती करणार काय तिथं? तुमचं ऐकती ती.”

मी हो म्हणालो.

राणीकडे गेलो नाही. रस्त्यावर एक फ्लेक्स लागला आहे, ‘हार्दीक शुभेच्छा’. पाहिला.

४ ऑक्टोबर

दिवसभर एकच पान.

‘काचेवर न दिसलेला जंतूही रक्तात असू शकतो.’ शुद्ध आहे. बबिताला वाचून दाखवले. म्हणाली, “आसू शकतो म्हणजे नसू बी शकतो. मग माणूस म्हणंल, जाऊ द्या.”

‘काच निर्दोष आढळली तरी रोगाची शक्यता नाकारता येत नाही.’ हे वाक्य मी पूर्वी मोठ्या अग्रलेखांतसुद्धा पाहिले आहे. बबिता म्हणाली, “हे कुण्या वकिलाचं हाय का?”

‘काचेवर दिसला नाही म्हणजे जंतू नाहीच असे नाही.’ हे वाचून दाखवले. तिने पीठ मळता मळता मान हलवली. “आसं.”

“यात तीन ‘नाही’ आहेत.”

“आसू द्या की. कळतंय ना. पहिलं ‘न्हाई’ ऐकून माणूस निवांत व्हतंय, त्याला जागं करायला पुढचं नगं का?”

दर वेळी मलाच का शिकवायचे, हे मला कळत नाही.

६ ऑक्टोबर

शेवटची मुद्रिते उद्या द्यायची. सकाळी एसटीने ताडकळसला गेलो. प्रकरण पाचवे पिशवीत होते. मी ठरवले होते, आक्काला वाचून दाखवायचे. ज्यांच्यासाठी लिहिले आहे, त्यांच्यापैकी एकाला कळते का ते पाहायचे, आणि मगच सही करायची. चांगल्या छापखान्यात अशी पद्धत असायला हवी, पण कुठे नाही.

आक्का गोठ्यातच होती. म्हैस बसलेली. डोळ्यावरचे पांढरे थोडे कमी झाले आहे असे दत्ता म्हणतो. मला तितकेच वाटले. ती रवंथ करत होती, सावकाश.

“ये,” आक्का म्हणाली. पोत्यावर जागा करून दिली. घरात चल म्हणाली नाही.

मी धम्मानंदचा विषय काढायला आलो नव्हतो, पण तोंडातून निघाला. “पोरगा म्हणतो...”

“पोरगा काय म्हणतंय ते मला ठावं हाय. म्हैस उठली न्हवं? आता फुडल्या साली बगू. तुला काय वाचायचंय ते वाच.”

वाचायला लागलो. ‘वर्तुळाकार भ्रमण’ मी काल खोडून धम्मशीलाचे ‘गरगर फिरायलंय’ परत घातले होते. आक्का ऐकत होती. मधे मधे “हं” म्हणत होती. भिंतीला डोकं लावण्याच्या ठिकाणी तिने म्हशीच्या पाठीवर हात ठेवला.

मग काचेचे वाक्य आले. ते वाचले.

आक्का म्हणाली, “थांब. परत वाच.”

परत वाचले.

“दिसलं न्हाई म्हणून न्हाईच आसं न्हाई,” ती स्वतःशी म्हणाली. “बरोबर हाय की.” आणि मग माझ्याकडे वळली. “पर तू तर मला फोनवर ‘न्हाईच’ म्हणलास. पुस्तकात बगून.”

“तेव्हा पुस्तकात तसे होते.”

“पोरीनं चुकीचं लिवलतं?”

म्हशीच्या कानाशी एक गोमाशी आली होती. मी ती हाकलली. ती गेली आणि परत येऊन त्याच जागी बसली.

“तिने बरोबर लिहिले होते. मी खोडले.”

“का बरं?”

“वाक्यात ‘नाही’ जास्त झाले होते.”

आक्का बराच वेळ माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत राहिली. तिला वाचता येत नाही. तरी ती असे पाहत होती, जसा तो जास्तीचा ‘नाही’ तिला आत्ता सापडणार आहे.

“किती जास्त झालते?”

“एक.”

“एकच?”

“एकच.”

तिने गोमाशीवर पदर झटकला. म्हशीपुढची पाण्याची बादली पायाने जरा जवळ सरकवली.

“वाच फुडं,” आक्का म्हणाली.